स्पोर्टचं बटण आणि पोटातलं पाणी

मला हे कुणी आधी का नाही सांगितलं! इतकी वर्षं गाडी चालवतेय, तीही दिघ्यात राहून, जिथे दारात पेव्हर ब्लॉक, पुढच्या वळणावर ठिगळांचं डांबर आणि नाका ओलांडला की ठाणे-बेलापूर रस्त्याचं काँक्रीट. अभ्यासाला याहून चांगली जागा कुठे मिळणार? आणि तरीही चाकाच्या मागे, त्या चिखल-धुळीच्या पोकळीत, स्प्रिंगच्या पोटात उभी असलेली ती नळी नेमकं काय करते याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. गॅरेजवाला म्हणायचा, "ताई, शॉकअप गेलेत." मी पैसे द्यायचे. विषय संपला.

मग भाच्याने गाडी घेतली. ऐरोलीत आयटीतली नोकरी, वय तिशीच्या आत, स्थळं बघायचं नाव काढू देत नाही, आणि घेतली काय, तर जर्मन स्पोर्ट्स सेडान! सेकंडहँड, पण सहा सिलिंडरची. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर हा लेख जाहिरात वाटायचा. गाडी दारात उभी करून त्याने चावी माझ्या हातात ठेवली. "मावशी, तू चालव. आजीला मागे बसव." आई पंच्याहत्तरीची, मणक्याचं दुखणं जुनं. मी म्हटलं, अरे, ही बसकी गाडी, पातळ टायर, स्पोर्ट्स म्हणवणारी. नाक्यापर्यंत जाईस्तोवर आईची कंबर धरेल. तो नुसता हसला.

पहिला गतिरोधक आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. आता गतिरोधकाचं एक शास्त्र असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जाते. आमच्याकडचा रात्रीतून कुणीतरी ओतलेला, हातभर रुंदीचा उभा कठडा आहे. सवयीने मी दात आवळले. गाडी वर गेली, खाली आली आणि थांबली. म्हणजे चाकं पुढे चालली होती, पण गाडीचं अंग एकदाच हललं आणि जागेवर बसलं. माझ्या हॅचबॅकचं अंग खाली आल्यावर पुन्हा उचलतं, पुन्हा दबतं, मग मागचा भाग वेगळा आपटतो. इथे एकदाच! मी गाडी मागे घेऊन परत तो गतिरोधक ओलांडला. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. पुन्हा तेच. मागून आई म्हणाली, "पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही गं."

बँकेच्या काचेच्या दाराला वर तो क्लोजर असतो ना, दार सोडलं तरी ते आपटत नाही, तेलातून वाट काढत हळूच मिटतं, तेच काम शॉकअप करतो. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला विसरता येत नाही. घेतलेलं सगळं ती परत देते, पुन्हा घेते, पुन्हा देते. ती शक्ती नळीतल्या तेलाला बारीक भोकांतून रेटण्यात खर्च होते, तेल तापतं, उष्णता हवेत जाते. खराब रस्त्यावरून लांबचा पल्ला मारून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, चक्क कोमट लागतो. तुमच्या कमरेत जायचा हादरा त्या नळीत जिरलेला असतो!

नाक्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो. भाच्याने गिअरजवळचं एक बटण दाबलं. पडद्यावर 'कम्फर्ट'चं 'स्पोर्ट' झालं. आवाज नाही, झटका नाही, आणि दोन सेकंदांत रस्ता बदलला! काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याची टक्-टक्-टक् आसनातून पाठीत. परत कम्फर्ट. टक्-टक् होतीच, पण दूर कुठेतरी, चाकांपाशी. परत स्पोर्ट. अगदी लहान मुलासारखी मी ते बटण दाबत सुटले. भाचा म्हणाला, "मावशी, रस्त्याकडे बघ."

घरी येऊन कागद-पेन घेऊन बसले आणि जे निघालं त्याने झोप उडाली. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ६५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १८ मीटर. म्हणजे सेकंदाला चार सांधे. आणि बसलेल्या माणसाच्या शरीराला वर-खाली हादरे सगळ्यात जास्त कधी जाणवतात? सेकंदाला चार ते आठ वेळा! हादऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ २६३१ मध्ये, हे लिहून ठेवलेलं आहे. पोट, आतडी, मणका सगळं त्या तालात साथ द्यायला लागतं. म्हणजे पासष्ट ओलांडलं की काँक्रीटचा रस्ता नेमका आपल्या पोटाच्या तालावर वाजायला लागतो. पन्नासला आलात तर सेकंदाला तीनच सांधे, आणि म्हणूनच वेग थोडा कमी केला की "रस्ता सुधारला" असं वाटतं. रस्ता आहे तसाच असतो.

तरी इथवर माझं मत ठरलं होतं : मऊ ते चांगलं, कडक ते तरुणांच्या मिजाशीसाठी. हे मत कळंबोलीपुढे मोडलं.

एक्स्प्रेस वेवर शंभरला गाडी कम्फर्टमध्ये होती. रस्त्याच्या पृष्ठभागात तिथे खड्डा नाही, पण काही ठिकाणी लांबलचक, डोळ्याला न दिसणारे उंचवटे आहेत, वीस-पंचवीस मीटरांचे. प्रत्येकावर गाडी गरजेपेक्षा जरा जास्त वर जाई, जरा जास्त खाली. सुरुवातीला छान वाटलं. मग आईने खिडकी खाली करायला सांगितली, आणि तिच्या पिशवीतून आवळासुपारी निघाली. मला घाम फुटला. भाच्याने काही न बोलता स्पोर्टचं बटण दाबलं, आणि गाडी जमिनीला बसली! उंचवटा आला, गेला, अंग एकदाच हललं. आई खिडकी लावून बाहेरचे डोंगर दाखवू लागली. कडक केल्यावर आराम वाढला! पंच्याहत्तर वर्षांच्या मणक्याला!

हे कसं? पुन्हा कागद-पेन. प्रत्येक गाडीच्या अंगाला तिचा स्वतःचा एक ताल असतो. आरामाच्या मोठ्या गाडीचा सेकंदाला एक ते सव्वा झोका, स्पोर्ट्स सेडानचा दीडच्या आसपास, रेसच्या गाडीचा तीनच्या पुढे. एक झोका हवा असेल तर स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली २५ सेंटिमीटर दबावी लागते, दोन हवे असतील तर सहाच. बसक्या गाडीच्या पोटाखाली २५ सेंटिमीटर आणायचे कुठून? म्हणून ती मुळातच थोडी कडक. आता शंभरच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटरला, वीस-पंचवीस मीटरांचे उंचवटे सेकंदाला सव्वा वेळा येतात. म्हणजे रस्ता गाडीच्याच तालात ढकलतो, आणि शॉकअप सैल असेल तर प्रत्येक ढकल आधीच्या ढकलीत मिळते. तिथे शॉकअप घट्टच हवा. उलट बारीक, जलद हादरे आले, गाडीच्या तालाच्या साधारण १.४ पटीपेक्षा जास्त गतीचे, की तोच घट्ट शॉकअप चाकाचा धक्का थेट अंगात पोचवतो. तिथे तो सैल हवा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सैल आणि घट्ट शॉकअपचे हे दोन आलेख एका बिंदूत एकमेकांना छेदताना दाखवलेले असतात. अकरावी-बारावीत मला कुणी असा आलेख आणि पाठीमागे बसलेली आई एकत्र दाखवली असती तर मी इंजिनीअरच झाले असते!

म्हणजे दिघ्याच्या गल्लीत एक उत्तर, ठाणे-बेलापूरला तेच, एक्स्प्रेस वेवर बरोबर उलटं. आणि नेहमीच्या शॉकअपची भोकं कारखान्यात एकदाच पडतात. शंभर वर्षं गाड्या बनवणारे लोक याच एका तडजोडीवर भांडत आले आहेत.

डीन कार्नॉप या अमेरिकी प्राध्यापकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या भांडणातून वाट काढली, आणि ती कल्पना ऐकून मी खुर्चीतून उठले. शॉकअपचं एक टोक चाकाला आणि दुसरं गाडीला असतं, म्हणून चाकाची प्रत्येक कुरकुर गाडीला लागते. समजा दुसरं टोक आकाशाला बांधलं तर? मग तो फक्त गाडीचं अंग स्थिर ठेवेल, चाकाला खाली हवं तसं नाचू देईल. आकाशाला खुंटी ठोकता येत नाही. पण शॉकअपमध्ये झडप बसवून, अंगावर आणि चाकांपाशी सेन्सर लावून, क्षणोक्षणी भोकं लहान-मोठी केली तर गाडीला आकाशाला टांगल्यासारखं वागवता येतं. 'स्कायहूक' म्हणतात याला, आणि भाच्याच्या गाडीतलं बटण म्हणजे या विचाराचं पतवंड. २००२ मध्ये कॅडिलॅकने तर झडपच काढून टाकली : तेलात लोखंडाचे बारीक कण घातले, भोवती विद्युतचुंबक; प्रवाह सोडला की तेल क्षणात घट्ट! २०१३ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये काचेमागचे कॅमेरे पुढचा उंचवटा आधीच पाहतात आणि चाकांना तयार करतात. आपल्या जुलैत पाण्याने भरलेला खड्डा त्या कॅमेऱ्याला सपाट तळंच दिसेल असा माझा दाट संशय आहे, पण कल्पना बघा! आणि स्पीकरवाले अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधून परागंदा झालेले स्वातंत्र्यसैनिक, त्यांनी २००४ मध्ये प्रत्येक चाकाला विद्युत मोटर लावलेली गाडी जगाला दाखवली, जी अडथळ्यावरून चक्क उडी मारायची. जड आणि महाग म्हणून ती कुठल्याही कंपनीच्या गाडीत आली नाही. मी त्या गाडीची चित्रफीत इतक्यांदा पाहिली की घरच्यांनी फोन काढून घेतला.

आता दुसरी गाडी. भाच्याच्या ऑफिसातल्या मित्राकडे याच नावाची, याच इंजिनाची सेडान आहे. फरक दोनच : तिचं सस्पेन्शन कायमचं स्पोर्ट, बटण नाही, आणि चाकं एकोणीस इंची. दिसायला काय देखणी! दिघ्याच्या गल्लीत मात्र तिने आमचे हाल केले. खडा आला की खडा कळतो, झाकण आलं की झाकण कळतं. आणि तिथेच मला कळलं की हा अर्धा दोष शॉकअपचा नाहीच. टायरवरचे आकडे वाचा. २२५/५५ आर१७ म्हणजे टायरची भिंत २२५ च्या ५५ टक्के, १२४ मिलिमीटर. २५५/३५ आर१९ म्हणजे ८९. साडेतीन सेंटिमीटर रबर आणि हवा गेली! आणि अशा अनेक गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात, पंक्चर झाल्यावरही चालता यावं म्हणून भिंती जाड, ताठ. खड्ड्याची कड चाकाला लागते तो क्षण शॉकअपच्या आवाक्यात येण्याआधीच टायरने झेलायचा असतो. टायर झेलत नसेल तर पुढचं आकाश काय कामाचं? त्यात मोठं अलॉय जड, आणि जड चाक एकदा उसळलं की त्याला आवरायला जास्त बळ लागतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे महागड्या गाडीची चाकं विनाकारण मोठी दिली जातात, फोटोत कमान भरलेली दिसावी म्हणून. मग रिम वाकते, टायरला फुगा येतो आणि लोक सस्पेन्शनला शिव्या घालतात. सतरा इंची मागा. शोरूमवाला तोंड वाकडं करेल, करू द्या.

एकदा नाद लागला की सगळीकडे तेच दिसायला लागतं! एमआयडीसीकडे जाणारा रिकामा ट्रक एवढा का आदळतो? त्याचे पाटे दहा-पंधरा टन मालासाठी घडवलेले. माल नसला की ते दबतच नाहीत. भरलेला ट्रक त्याच खड्ड्यातून कसा डुलत जातो पाहा. एसटीच्या शेवटच्या बाकावर आपण लहानपणी छताला डोकं का आपटून घ्यायचो? मागच्या चाकांच्याही मागे बसलेलो, बस पुढून-मागून कलायची आणि सगळ्यात मोठा झोका आपल्याला. हे कलणं मोडून काढणारा माणूस मॉरिस ऑली, रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅकला गेलेला इंग्रज. १९३० च्या दशकात त्याने गाडीवर वजनं इकडची तिकडे सरकवत, लोकांना बसवून बसवून, शोधलं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा थोड्या मऊ हव्यात. पुढचं चाक खड्ड्यावर आधी जातं, साठच्या वेगाला मागचं साधारण सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागाने नंतर. मागचा झोका थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी कलायच्या ऐवजी सपाट उचलते. किती साधं! मागे बसलेली आई एक्स्प्रेस वेवर निवांत झोपली ती या माणसाच्या कृपेने.

आणि हवेची स्प्रिंग! मध्यमवर्गीय मराठी माणसाला ती पहिल्यांदा भेटली 'शिवनेरी' बसमध्ये, दादर-पुणे, आणि आपण त्याचं श्रेय एसीला दिलं. १२ जानेवारी २०२४ ला आमचं दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून आम्हाला ठाण्याची लोकल दारात मिळाली, आणि तिच्याबरोबर हीच स्प्रिंग. मुंबईत २००७ पासून आलेल्या सीमेन्सच्या लोकल आणि त्यांच्या नंतरच्या गाड्या यांच्या डब्यांखाली हवेचे फुगे आहेत. गर्दी वाढली की फुग्यातला दाब वाढतो, स्प्रिंग आपोआप कडक होते, उंची तीच राहते, आणि डब्याचा ताल जवळजवळ तोच. रिकाम्या ट्रकचं दुखणं फुग्याला होतच नाही! मर्सिडीजने १९६८ मध्ये ३०० एसईएल ६.३ या वेगवान सेडानखाली हवेची स्प्रिंग दिली ती याच गुणासाठी, आणि आम्ही तसल्याच स्प्रिंगवर लोकलच्या पासच्या पैशात उभे राहून जातो. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून मी हे शेजारच्या बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी मला नीट बसायला जागा दिली. बहुधा तब्येत बरी नसेल असं वाटून.

अजून एक गंमत. ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडली की मुलुंड. १९६१ मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा पहिला शॉकअपचा कारखाना मुलुंडचा. म्हणजे देशाच्या अर्ध्या पिढीच्या कमरा ज्या नळीने सांभाळल्या ती आमच्या खाडीच्या पलीकडे बनत होती, आणि आम्हाला पत्ता नाही! आणि ज्या सेडानने आराम आणि पकड एकत्र येऊ शकतात हे बटणाशिवाय, सेन्सरशिवाय दाखवून दिलं, ती १९६८ ची जॅग्वार एक्सजे६. ती कंपनी २००८ पासून टाटांची, आणि २०१३ पासून तिची एक्सएफ सेडान पुण्यात जोडली जाऊ लागली. त्या जुन्या एक्सजे६ मध्ये एकदा बसायला मिळालं तर मी मागच्या सीटवर बसणार, पुढे नाही.

तर तुम्ही अशी गाडी घ्यायला निघाला असाल, किंवा माझ्यासारखे नुसते भाच्याच्या जिवावर मिरवणार असाल, तर ऐका. शोरूमचा मुलगा तुम्हाला गुळगुळीत पाम बीच रस्त्यावर नेईल. नम्रपणे नाही म्हणा. टायरमधली हवा आधी तपासायला लावा. शोरूममध्ये उभ्या गाड्यांच्या टायरात बऱ्याचदा जास्त भरलेली असते, आणि फुगलेल्या टायरवर कुठल्याही सस्पेन्शनची परीक्षा होत नाही. तुटक्या डांबरावर तीसने चालवा, दोन्ही मोडमध्ये. काँक्रीटवर पन्नास आणि सत्तर, दोन्ही वेग करून बघा आणि पोटाकडे लक्ष द्या. मग कुठला तरी लांब उड्डाणपूल गाठा, जिथे पुलाचे गाळे किंचित झोल खाल्लेले असतात, आणि तिथे गाडी एकदा हलते की दोनदा ते मोजा. त्यानंतर चावी मुलाकडे देऊन मागे बसा, आणि घरातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात स्पष्ट बोलणारं माणूस शेजारी बसवा. माझी आई रविवारी मोकळी असते. फक्त तिला खिडकीची जागा लागते, आणि आवळासुपारी तुमच्याकडची चालत नाही.